दादासाहेब फाळके आणि पडद्यावरचा कालिया



आजचा पाठ एका मुखवट्यापासून सुरू करते.

माझा भाचा चंद्रपूरला राहतो. नोकरी करून उरलेल्या वेळात त्याला एकच नाद. जुन्या इंग्रजी सिनेमांतल्या राक्षसांचे रबरी मुखवटे जमवायचे. 1931 चा फ्रँकेन्स्टाईनचा राक्षस, 1932 ची ममी, 1941 चा लांडगा-माणूस, 1954 चा पाण्यातला खवलेवाला प्राणी, असे सगळे त्याच्या खोलीत फळीवर ओळीने मांडलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तर दचकलेच. पण तो एकेक हातात देऊन सांगायला लागला, तेव्हा कळलं की या पोरखेळामागे बराच अभ्यास आहे. रबर उन्हाने तडकतं, उष्णतेने चिकट होतं, नुसतं घडी घालून ठेवलं तर तोंड वाकडं होतं ते कायमचं. चंद्रपूरला पारा 45 च्या वर जातो तेव्हा हा पठ्ठ्या स्वतः गरमीत झोपतो, पण मुखवट्यांच्या खोलीतला कूलर बंद करत नाही. प्रत्येक मुखवट्याच्या आत कागद-कापूस भरून डोक्याचा आकार दिलेला. उन्हाच्या बाजूच्या खिडकीला जाड पडदा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी त्यातल्या दोन मुखवट्यांचे फोटो पाचवीच्या वर्गात दाखवले. पोरं आधी किंचाळली, मग हसली, आणि मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की मॅडम, हे तर बाहेरच्या देशातले झाले, आपल्या सिनेमातला पहिला राक्षस कोणता आणि त्याचा मुखवटा आता कुठे आहे?

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हणाले. त्या "उद्या"साठी जे वाचलं, शोधलं, जुने चित्रपट पाहिले, त्यातून हा पाठ तयार झाला. उत्तर शोधत शोधत मी पोचले ते नाशिकच्या एका माणसापाशी. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे जाणकार. घरात पूजाअर्चा, पुराणकथा, श्लोक हे रोजचंच. म्हणजे राम, कृष्ण, कंस, भस्मासुर, कालिया ही मंडळी या मुलाला पुस्तकातून भेटली नाहीत, घरातल्या माणसांसारखी भेटली. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं.

1885 मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात. तिथे त्याने काय नाही शिकलं! चित्रकला, छायाचित्रण, साच्यातून मूर्ती काढणं, वास्तुकला. आपण आज पालकसभेत म्हणतो ना, की पोरगं एका गोष्टीत टिकत नाही, सारखं नवीन काहीतरी धरतं. धुंडिराजच्या घरच्यांनाही तसंच वाटलं असेल. पण यातली एकही विद्या पुढे वाया गेली नाही. सिनेमा नावाची गोष्ट भारतात यायच्या आधीच हा माणूस तिच्यासाठी तयार होत होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

शिक्षण झाल्यावर गुजरातेत गोध्रा इथे त्यांनी फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू केला. लोकांत अशी भीती पसरली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की माणूस मरतो. धंदा बसला. त्यातच प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. तिशीच्या उंबरठ्यावर माणूस एकटा पडला.

त्या काळात त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले. स्वतःचे प्रयोगही केले. स्टेजवरचं नाव घेतलं प्रोफेसर केळफा. मुलांना हे नाव फळ्यावर लिहून दाखवा आणि उलटं वाचायला सांगा. वर्गात एकच गलका होतो! फाळके नावातली अक्षरं उलटवून केलेलं ते नाव. ही जादू पुढे कामाला आली. वस्तू दिसेनाशी करणं, डोकं धडावेगळं दाखवणं, माणूस हवेत उडवणं, हे सगळं आधी हातचलाखीने केलं आणि नंतर कॅमेऱ्याने.

1902 मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. या बाईंबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण पाठ्यपुस्तकात दादासाहेबांवर परिच्छेद असतो आणि सरस्वतीबाईंवर जेमतेम एक ओळ.

मधल्या काळात त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, स्वदेशीच्या वातावरणात ती सोडली, लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला, रंगीत छपाई शिकायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसलं. स्वतः उभा केलेला कारखाना सोडून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळीस.

एक सिनेमा पाहिला आणि...

1910-11 च्या सुमारास मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि दादासाहेबांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण चालायला लागले. आपल्या गोष्टी आपल्या लोकांनी पडद्यावर आणायच्या, हा ध्यास तिथून लागला. दुसऱ्या खेपेला ते सरस्वतीबाईंना सोबत घेऊन गेले. पडद्यावरची चित्रं हलतात कशी, ते प्रोजेक्टरच्या खोलीजवळ नेऊन त्यांना समजावून सांगितलं.

मग सुरू झाला वेडेपणा. मिळेल ते पुस्तक वाचायचं, मिळेल तो सिनेमा पाहायचा, रात्र रात्र जागायचं. इतकं की डोळ्यांवर परिणाम होऊन काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. घरातल्या वस्तू विकल्या गेल्या. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढलं आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठलं. तिथे ना ओळख ना पाळख. एका सिनेमा साप्ताहिकाची पाटी पाहून सरळ आत शिरले, संपादकाला भेटले. त्या संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत पाठवलं. काही दिवसांत शिकता येईल तेवढं शिकून, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि छिद्रं पाडण्याचं यंत्र विकत घेऊन ते परत आले.

आता पैसे कोण देणार? लोकांना दाखवण्यासाठी त्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. पडद्यावर मिनिटभरात दाण्याला अंकुर फुटून वेल वर चढला. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे नक्की लक्षात ठेवावं. आपल्या या सिनेमावाल्याने पहिली गोष्ट कोणती दाखवली, तर बी रुजण्याची.

हरिश्चंद्राचा कारखाना

"राजा हरिश्चंद्र"चं काम दादरला सुरू झालं. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके नावाचे तरुण तारामती झाले. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशी काढावी लागे, आणि वडील जिवंत असताना मिशी कशी काढायची म्हणून पुरुष अडून बसत! सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवायचे, म्हणून दादासाहेबांनी मंडळींना सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे असं सांगा.

आपल्या झाडीपट्टीतल्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही. दंडारीत बाईचं सोंग पुरुषानेच घ्यायचं, हे आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेलं आहे. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांत आज स्त्री कलाकार आहेत, पण त्यांच्या वाट्याला येणारे टोमणे अजून थांबलेले नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट वाटते तेवढी जुनी नाही.

आता सरस्वतीबाई. युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांच्या तोंडावर उजेड पाडत. रात्री सगळे झोपले की अंधारात कच्च्या फिल्मच्या कडेला यंत्राने छिद्रं पाडत, कारण तेव्हा फिल्म छिद्रांशिवाय यायची. फिल्म धुण्याची रसायनं मिसळणंही त्या शिकल्या. दागिने तर आधीच गेले होते. त्यांना तारामतीचं काम करण्याबद्दल विचारलं होतं, त्यांनी नकार दिला. कारण साधं होतं. त्या पडद्यावर गेल्या तर बाकीचं सगळं कोण पाहणार?

सुमारे सात महिन्यांनी चित्रपट पूर्ण झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये तो लोकांसाठी लागला. पूर्ण लांबीचा पहिला भारतीय चित्रपट.

भस्मासुर, कंस, कालिया

आता येऊ त्या मुलीच्या प्रश्नाकडे.

"राजा हरिश्चंद्र"नंतर दादासाहेब नाशिकला आले आणि लगेच "मोहिनी भस्मासुर" हा चित्रपट केला. म्हणजे दुसराच चित्रपट असुराचा! याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पडद्यावर आल्या. भारतीय चित्रपटातल्या पहिल्या स्त्री कलाकार. आज या चित्रपटाची रिळं आपल्यासमोर नाहीत. तो भस्मासुर कसा दिसत होता, ते मुलांना दाखवायला माझ्याकडे काही नाही.

1917 मध्ये "लंकादहन" आला. साळुंके यात राम आणि सीता दोन्ही झाले. शेपटीला आग लावून उडणारा हनुमान पाहायला झुंबड उडाली. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढत असं सांगतात. तिकिटांच्या पैशांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशीही आठवण सांगितली जाते.

1918 च्या "श्रीकृष्णजन्म"चा थोडा भाग उरला आहे. त्यात कंसाला भास होतात. सगळीकडे कृष्णच कृष्ण दिसतात, आणि आपलं मुंडकं धडापासून सुटून वर चाललं आहे असं त्याला दिसतं. प्रोफेसर केळफांची जादू इथे कामाला आली!

आणि मग 1919 चा "कालियामर्दन". यात कृष्ण झाली होती दादासाहेबांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाची सुरुवात मला फार आवडते. आधी मंदाकिनी स्वतः दिसते. ती चेहऱ्यावर वेगवेगळे भाव आणून दाखवते. राग, हसू, आश्चर्य. मगच ती कृष्णाच्या वेशात येते. म्हणजे दादासाहेब प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात की ही माझी मुलगी आहे, आता ती कृष्ण होणार आहे. आपल्याकडे सोंग घेणारा माणूस आधी गावात तुमच्याआमच्यासारखाच फिरत असतो आणि रात्री देव होऊन येतो, तसंच.

शेवटी कृष्ण यमुनेत उडी घेतो. काठावर यशोदा आणि गोकुळातली माणसं रडत उभी. पाण्याखाली त्या भल्यामोठ्या सापाशी झुंज होते आणि मग कालियाच्या फण्यावर उभा राहून बाळकृष्ण पाण्यातून वर येतो. आजच्या मुलांनी मोबाईलवर याहून शंभरपट भारी राक्षस पाहिलेले आहेत. तरी वर्गात हा भाग दाखवला तेव्हा पोरं चिडीचूप झाली होती. एक जण एवढंच पुटपुटला की साप खोटा आहे. त्याच्या शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. खोटा आहे हे सगळ्यांनाच कळत होतं, पण ती मुलगी सात वर्षांची होती आणि खरोखर पाण्यात होती.

जपून राहिलेल्या आणि आजही पाहता येणाऱ्या आपल्या पडद्यावरच्या जुन्या राक्षसांपैकी एक शोधायचा, तर तो हा कालिया. उत्तराचा पहिला अर्धा भाग मिळाला.

मग तो गेला कुठे?

उरलेला अर्धा भाग दुःखाचा आहे.

1918 मध्ये भागीदारांना घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली होती. पुढे मतभेद झाले. दादासाहेब सगळं सोडून काशीला गेले, तिथे "रंगभूमी" नावाचं नाटक लिहिलं, मग परत आले आणि पुन्हा चित्रपट केले. पण काळ बदलला होता. 1931 मध्ये बोलपट आला. 1932 चा "सेतुबंधन" मूक म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. 1937 मध्ये कोल्हापूरला केलेला "गंगावतरण" हा त्यांचा पहिला आणि शेवटचा बोलपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. शेवटची वर्षं हलाखीत आणि विस्मरणात गेली.

त्यांनी 95 चित्रपट आणि 26 लघुपट केले असं मानलं जातं. आज त्यातले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्यांचे तुकडे शिल्लक आहेत. बाकीचे कुठे गेले? तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. भुरकन पेट घेणारी, आणि गरम दमट हवेत आपोआप सडून भुकटी होणारी. शिवाय फिल्मवर चांदीचा थर असतो, तो काढून विकण्यासाठी देशात कितीतरी जुनी रिळं नष्ट केली गेली. सिनेमा एकदा चालून झाला की तो जपायचा असतो, हे कोणाच्या मनातच नव्हतं. रिळांची ही गत, तर कागदाच्या, लाकडाच्या, कापडाच्या कालियाला कोण विचारतो?

1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर नावाच्या माणसाने तिथे जन्मभर जुने चित्रपट शोधून आणले. फाळके कुटुंबाकडे उरलेली रिळं त्यांनी मिळवली, तुकडे लावून घेतले. आज वर्गात मी "कालियामर्दन" दाखवू शकते ते त्यांच्यामुळे. नायर केरळचे. आपल्या मराठी माणसाचा ठेवा एका केरळी माणसाने जपला, हे मुलांना आवर्जून सांगते.

म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितलं की कालियाचा मुखवटा आपल्या हाती नाही, फक्त त्याचं हलतं चित्र आहे. आणि तेही थोडक्यात वाचलेलं.

एक कबुली

हे सांगताना मला आमच्याच गावाची गोष्ट आठवली. ती इथे लिहिणं जड जातं आहे, पण लिहिते.

मी आरमोरी तालुक्यातल्या एका गावात नवीन असताना तिथे एक म्हातारे आजोबा होते. तरुणपणी दंडारीत सोंगं घ्यायचे. त्यांच्या घरी आढ्याला एक नरसिंहाचा मुखवटा टांगलेला होता. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, वरून रंग, आणि आयाळीला अंबाडीचा ताग. त्यांच्या वडिलांनी केलेला. आजोबा मला दोनदा म्हणाले होते की बाई, हा शाळेत घेऊन जा, इथे वाळवी लागते आहे. मी हो म्हणाले. परीक्षा झाल्या की नेते म्हणाले. मग सुट्ट्या लागल्या. मग जनगणनेचं काम आलं. त्या हिवाळ्यात आजोबा गेले. घर आवरताना मुलांनी तो मुखवटा बाकीच्या कचऱ्यासोबत होळीत टाकला. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी.

माझा भाचा परदेशातल्या रबरी राक्षसासाठी स्वतःच्या खोलीतला कूलर देतो, आणि मी चार पावलांवरचा नरसिंह उचलून आणला नाही. त्याच्या नादाला मी आता हसत नाही.

वर्गात काय करता येईल?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अजून पुष्कळ काही शिल्लक आहे. राजुरा, जिवती, कोरपना भागात दिवाळीला मोरपिसांचे टोप घालून घुसाडी नाचतात. गावोगावी जुन्या मंडळींकडे नाटकांची जाहिरातपत्रकं आहेत, मुकुट आहेत, गदा आहेत, हाताने लिहिलेल्या संहिता आहेत.

1. मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा की तुम्ही कधी सोंग घेतलं होतं का, कोणतं, आणि त्याचं साहित्य आता कुठे आहे.
2. वस्तू मागून आणू नका. कित्येक घरांत ती पूजेची असते. फोटो काढा, नाव-गाव-साल लिहा, कोणी आणि कशापासून बनवली ते लिहा. एक साधी वही पुरे.
3. कोणी आपणहून शाळेला दिली तर ती उन्हात, ओलीत किंवा जमिनीवर ठेवू नका. आत कागद भरा, सुती कापडात गुंडाळा, महिन्यातून एकदा वाळवी पाहा.
4. कागदाच्या लगद्याचे नवे मुखवटे मुलांकडून करून घ्या. आणि मंदाकिनीसारखं आधी बिनमुखवट्याचा चेहरा सगळ्यांना दाखवायला सांगा!
5. वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरून रोज एकाच जागेवरून मोबाईलने फोटो काढा. महिन्याभराने सलग फिरवून पाहा. दादासाहेबांचा पहिला प्रयोग तुमच्या वर्गात होईल.

आमच्या वर्गाच्या वहीत आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. पहिलं पान मी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. त्यावर मी आठवून आठवून त्या नरसिंहाचं चित्र काढलं आहे. डोळे नीट जमले नाहीत. खाली आजोबांचं नाव लिहिलं आहे.

पालकहो, आज घरी गेल्यावर एकदा माळ्यावर नजर टाका. आणि शिक्षक मित्रांनो, कोणी काही देतो म्हणाला तर त्याच दिवशी घेऊन या.